चिमणीतला कावळा

मार्च महिन्यातली गोष्ट. आई वाईहून व्हिडिओ कॉलवर होती आणि आमच्या धाकट्याने तिला बातमी दिली, "आजी, आमच्या चिमणीत कावळा शिरलाय!"

पलीकडे क्षणभर शांतता. मग आई म्हणाली, "अरे, गोष्टीत चिमणीच्या घरी कावळा येतो, चिमणीत नाही."

सात वर्षांच्या मुलाला मराठीत चिमणी म्हणजे पक्षी, चिमणी म्हणजे धुराडं आणि चिमणी म्हणजे रॉकेलचा छोटा दिवासुद्धा, हे समजावून सांगताना माझी दमछाक झाली. पण बातमी खरी होती. आमच्या बैठकीतल्या फायरप्लेसमध्ये आठवडाभर काटक्या पडत होत्या. आधी एखाददुसरी, मग ओंजळभर. एका सकाळी बघितलं तर हातभर लांबीची काठी राखेत उभी. वरून खाकरल्यासारखा आवाज येत होता.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. हा पक्षी म्हणजे जॅकडॉ. कावळ्याच्या कुळातला, पण आकाराने लहान, मान राखाडी आणि डोळे पांढुरके. झाडाची ढोली किंवा कड्यातली कपार ही त्याची मूळ पसंती, आणि माणसाने बांधलेलं धुराडं त्याला हुबेहूब ढोलीसारखं वाटतं. जोडी वरून काटक्या सोडत राहते. बऱ्याचशा खाली पडतात. मग एखादी आडवी अडकते, तिच्यावर दुसरी, आणि हळूहळू बूच तयार होतं. त्यावर लोकर, केस, गवत अंथरून मादी अंडी घालते.

चिमणी साफ करणाऱ्या माणसाला फोन केला. त्याने दोनच प्रश्न विचारले. "पक्षी आत-बाहेर करतायत का?" "हो." "मग मी आता हात लावणार नाही. सप्टेंबरमध्ये फोन करा. आणि तोवर विस्तव पेटवू नका, एक काडीसुद्धा नाही." बुजलेल्या धुराड्याखाली विस्तव केला तर कार्बन मोनॉक्साइड घरातच कोंडतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. आमच्याकडे त्याचा अलार्म होता. तरी त्या दिवशी मी तो तीनदा दाबून पाहिला.

रानपक्ष्यांची घरटी मोडू नयेत म्हणून इथे १९७६ पासून कायदा आहे. १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात रस्त्याकडेची कुंपणंही तोडता येत नाहीत, हे आपल्यापैकी बागकाम करणाऱ्यांना ठाऊक असेलच. आपल्याकडच्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यातही शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना धक्का लावणं येतं. पण तो साफसफाईवाला कायद्याबद्दल काही बोललाच नाही. "आत कुटुंब आहे," एवढंच म्हणाला.

तर अशा रीतीने ऐन गारठ्यात आमची शेकोटी बंद झाली आणि एप्रिलमध्ये, पाडव्यानंतर, आई आली.

मलिंगारबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मंडळातले बरेच जण डब्लिनचे, आणि आमचं गाव त्यांना स्लायगोच्या गाडीतलं मधलं स्टेशन म्हणूनच माहीत असतं. आयरिश भाषेतल्या त्याच्या नावाचा अर्थ 'डावखुरी गिरणी', म्हणजे उलट्या दिशेने फिरणारी. गावाला तीन बाजूंनी रॉयल कालव्याचा वेढा आहे. १८०६ साली तो इथवर पोचला आणि त्याला पाणी मिळतं ते उत्तरेच्या लॉक ओवेल तळ्याचं. दक्षिणेला लॉक एनल. कुठूनही पाहिलं तरी दिसतात ते कॅथीड्रलचे दोन मनोरे. ते १९३६ साली खुलं झालं. आम्ही इथे आलो कारण मला इथल्या इस्पितळात काम मिळालं. नवरा रोज गाडीने डब्लिनला जातो. गेल्या वर्षी आम्ही हे जुनं घर घेतलं, मागे शेड असलेलं. पलीकडे शेत आणि शेताचे मालक आजोबा.

आईचा मुक्काम नव्वद दिवसांचा, व्हिसाच तेवढा. येताना तिने मेतकूट, कुरडया, नातवासाठी दोन स्वेटर आणि एक प्लास्टिकची फाइल आणली होती. त्या फाइलमध्ये आमच्या वाईच्या घराचे कागद होते.

ते घर पणजोबांच्या वेळचं. मातीच्या भिंती, लाकडी माळवद, मधे चौक. वडील जाऊन दोन वर्षं होत आली होती. भाऊ पुण्यात. घर पाडून तिथे चार मजली इमारत बांधायची, त्यातला एक फ्लॅट आईला, असा बेत भावाने पुष्कळ खटपटी करून जमवला होता. त्यात त्याची काही चूक नव्हती. मागची भिंत दर पावसाळ्यात थोडी थोडी बसत होती. आईने सही करायची होती, आणि ती करत नव्हती. "मलिंगारला जाऊन येते, मग बघू," असं म्हणून ती फाइल घेऊनच निघाली.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती अंगणात उभी राहून छपराकडे बघत होती. जॅकडॉची जोडी धुराड्याच्या काठावर बसली होती. "हा तर आपला गावकावळा," ती म्हणाली. "मान बघ ना, तशीच राखाडी. थंडीने आकसलाय बिचारा." त्या दिवसापासून सकाळचा पहिला घास त्यांचा.

घरात पक्षी राहायला येणं आईला नवीन नव्हतं. वाईच्या घरात माजघरातल्या तसबिरींमागे दरवर्षी चिमण्या असत. देवाच्या तसबिरी भिंतीला टेकलेल्या नसत. वरच्या बाजूने पुढे झुकलेल्या असत, आणि मागे जी तिरकी जागा राहते ती चिमण्यांसाठीच, अशी माझी लहानपणी समजूत होती. केरात रोज गवताच्या काड्या. आजी करवादायची, पण काढू द्यायची नाही. एका उन्हाळ्यात चिमणीने छताच्या पंख्याच्या वाटीत घर केलं. वडील शाळेत शिक्षक, सुट्टीत घरीच. त्यांनी पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि त्यावर लिहिलं: 'बंद'. मे महिना आम्ही पुठ्ठ्याने वारा घेत काढला. पाहुणे आले की वडील विश्वकोशाचा खंड काढून त्यांना पक्ष्यांवरची नोंद वाचून दाखवत, म्हणजे उकाड्याचा विसर पडावा. विश्वकोश आमच्या गावातच तयार होतो, त्यामुळे वडिलांना तो घरचाच वाटे.

चौकाच्या तुळईखाली पाकोळ्या असत. चिखल नाही, हवेत तरंगणारी पिसं आणि काड्या थुंकीने चिकटवून केलेली त्यांची घरटी. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर, देवळांच्या कमानींखालून त्यांचे थवे चिरचिरत सुटायचे.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात धाकटा धावत आला. "आजी, शेडमध्ये रेन आहे!" आई बादली घेऊन निघाली. आयर्लंडमध्ये दोन आठवडे काढल्यावर दुसरं काय समजणार! मी तिला थांबवलं. रेन म्हणजे पाऊस नव्हे, पक्षी. मराठीत त्याला नाव असल्याचं मला माहीत नाही, कारण तो आपल्या गावाकडे दिसत नाही. मुलगा शाळेत आयरिश शिकतो, तो त्याला 'द्रोलीन' म्हणतो. तपकिरी, गुबगुबीत, शेपूट उभी धरलेली. वजन जेमतेम दहा ग्रॅम, पण आवाज असा की शेजारच्या शेतात ऐकू जावा.

आणि त्याने घर कुठे केलं होतं? आमच्या आकाशकंदिलात.

गेल्या दिवाळीला आम्ही बांबूच्या काड्या आणि कापड घेऊन घरीच षटकोनी कंदील केला होता. इथे कंदील बाहेर टांगायची सोय नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा वारा तो थेट कालव्यात नेऊन टाकेल. म्हणून दारातल्या आडोशाला लावला आणि तुळशीच्या लग्नानंतर शेडमध्ये खिळ्याला अडकवून ठेवला. शेडच्या खिडकीची एक काच फुटलेली. कंदिलाचं एका बाजूचं कापड उसवलेलं. आत शेवाळ, पानं आणि गवत ठासून गोल चेंडू केलेला, आणि उसवलेल्या बाजूला अंगठ्याएवढं दार.

रेनचा नर एका हंगामात अशी कितीतरी घरं बांधतो. मग मादीला एकेक दाखवत हिंडतो. तिला जे पसंत पडेल त्याला ती आतून पिसांचं अस्तर लावते. बाकीची ओस राहतात. हे मी वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे सुगरणीसारखंच." खरंच तसंच. आपल्याकडे विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारे खोपे नरच विणतो. अर्धवट झाले की माद्या येऊन पारखतात, आणि पसंत पडला तरच तो पुरा होतो. बहिणाबाईंच्या कवितेमुळे घराघरात पोचलेल्या त्या पक्ष्याला आपण सुगरण म्हणतो, बाईचं नाव देतो. काम बाप्याचं, नाव बाईचं. आई हसून म्हणाली, "एवढं एक तरी ठिकाण सापडलं बाई!"

शेडला मग टाळं लागल्यासारखंच झालं. गवत कापायचं यंत्र आत, सायकल आत, रंगाचे डबे आत. आमच्या अंगणातलं गवत गुडघ्यापर्यंत वाढलं. गल्लीत सगळ्यांची हिरवळ इस्त्री केल्यासारखी आणि मधे आमचं माळरान. मला लाज वाटायला लागली. म्हणून शेजारच्या शेतकरी आजोबांना जाऊन कारण सांगितलं.

त्यांनी आम्हा तिघींना (आई, मी आणि थोरली) आपल्या गोठ्यात नेलं. गोठ्याच्या दाराचा वरचा अर्धा भाग उघडा होता, एका दोरीने बांधून ठेवलेला. "एप्रिलपासून हे दार बंद होत नाही," ते म्हणाले. आत तुळईवर चिखलाचे वाडगे, आणि त्यातून बाहेर आलेल्या लांब शेपट्या. स्वॅलो. आपल्या माळभिंगरीचीच ही जात. आपल्याकडे ती हिवाळी पाहुणी असते. इथल्या मात्र हिवाळ्यात पार दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातात, आणि वसंतात पुन्हा त्याच गोठ्यात येतात.

चहा घेताना आजोबांनी रेनची कहाणी सांगितली. पक्ष्यांचा राजा कोण, तर जो सर्वांत उंच उडेल तो, असं ठरलं. गरुड सगळ्यांच्या वर गेला आणि दमला. त्याच्या पिसांत दडून बसलेला रेन तेव्हा बाहेर पडला, हातभर आणखी वर उडाला आणि राजा झाला. या राजाचं नशीब मात्र मोठं नव्हे. २६ डिसेंबरला, सेंट स्टीफनच्या दिवशी, पूर्वी पोरं रेनची शिकार करून तो काठीला बांधून दारोदार पैसे मागत फिरत. आता खरा पक्षी मारत नाहीत. गवताची सोंगं आणि गाणी मात्र काही गावांत अजून आहेत. शिमग्याला कोकणात सोंगं घेऊन पोस्त मागतात, तसंच काहीसं.

मग त्यांनी संत केविनची गोष्ट सांगितली. ग्लेंडालॉकचे ते तपस्वी. झोपडी इतकी अरुंद की प्रार्थनेला हात पसरला तो खिडकीबाहेर गेला. तळहातावर ब्लॅकबर्डने अंडी घातली, आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत संतांनी हात हलवला नाही. बाराव्या शतकातल्या जेराल्ड नावाच्या पाद्र्याने ही कथा लिहून ठेवली आहे.

मी भाषांतर करत होते. आई ऐकत होती. मग म्हणाली, "त्यांना आमच्या जाजलीची सांग." ही गोष्ट मलाही माहीत नव्हती. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाचे ऋषी खांबासारखे निश्चल उभे राहून तप करतात. त्यांच्या जटांत पक्ष्यांची जोडी घरटं करते. अंडी, पिल्लं, उडायला शिकणं, सगळं डोक्यावर होतं, पण जाजली हलत नाहीत. शेवटी पक्षी कायमचे निघून जातात, आणि जाजलींना वाटतं, आपल्यासारखे धर्मज्ञ आपणच. तेव्हा आकाशवाणी होते: वाराणसीच्या तुलाधार नावाच्या वाण्याची सर तुला नाही. तो बिचारा तराजू सरळ धरून माल विकत असतो, एवढंच.

आजोबा खूप हसले. "म्हणजे गवत वाढलं म्हणून मिरवायचं नाही," ते मला म्हणाले.

मे महिन्यात एका रविवारी आम्ही लॉक डेराव्हारा तळ्यावर गेलो. लीर राजाच्या मुलांची कथा इथली. सावत्र आईने चार भावंडांना हंस करून टाकलं. तीनशे वर्षं या तळ्यावर, तीनशे उत्तरेच्या समुद्रात आणि तीनशे पश्चिमेच्या किनाऱ्यावर. आवाज मात्र माणसाचाच राहिला, म्हणून ती गात असत. आई काठावर बसून बराच वेळ पाण्याकडे बघत होती. "नऊशे वर्षांनी परत गेली तेव्हा बापाचं घर होतं का गं?" तिने विचारलं. मी म्हटलं, नव्हतं. कथेत ती घरावरून उडत जातात, तेव्हा तिथे नुसतं रान माजलेलं असतं. आई पुढे काही बोलली नाही. परतताना गाडीत एवढंच म्हणाली, "भावाला म्हणावं, मागची भिंत फार बसली नाही ना, तेवढं बघ."

वैशाखात वडिलांची तिथी आली. श्राद्ध भावाने वाईला केलं. इथे आईने नुसतं पान वाढलं: भात, वरण, उडदाचे वडे, खीर. केळीचं पान कुठलं, कागदाची ताटली. ती अंगणाच्या भिंतीवर ठेवली आणि आम्ही आत येऊन काचेतून बघत बसलो. रोज घास ठेवायच्या आधी येणारे ते दोघे त्या दिवशी येईनात. वर बसून होते. दहा मिनिटं गेली, वीस गेली. काकस्पर्श होईना की लोक हात जोडून काहीबाही वचनं देतात, हे तुम्हाला माहीतच आहे. आई दार उघडून बाहेर गेली. भिंतीजवळ उभी राहून काहीतरी बोलली. काय, ते मला ऐकू आलं नाही, आणि मी नंतर विचारलंही नाही.

ती आत आली आणि एक जॅकडॉ उतरला. भात तोंडात भरला. खाल्ला नाही, गळ्याशी फुगवटा धरून उडाला तो सरळ आमच्या धुराड्यात. लगेच बैठकीतून, फायरप्लेसच्या वरून, पिल्लांचा एकच कल्लोळ ऐकू आला. दुसरा आला, तोही घेऊन गेला. वड्याचाही तुकडा नेला. आम्ही सगळे बैठकीत उभे राहून बंद फायरप्लेसकडे बघत होतो. "घरातच जेवले," आई म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड. सांजवात कधी लावायची हा आईपुढचा रोजचा पेच, शेवटी तिने सात वाजता लावायची असं ठरवून टाकलं. अशाच एका संध्याकाळी कंदिलातून सहा पिल्लं बाहेर पडली. एकामागून एक, जणू आतून कोणी ढकलत होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत धुराडंही गप्प झालं. छपरावर चार जॅकडॉ दिसू लागले, त्यातले दोन अजून धड उडता न येणारे.

त्या आठवड्यात आईने फाइल काढली. भावाला फोन लावून म्हणाली, "सही करते. पण दोन गोष्टी. वळचणीत आणि तुळईखाली पिल्लं असतील तोवर घराला कुणी हात लावायचा नाही. आणि नव्या इमारतीत वरच्या भिंतीत भोकं ठेवायची. पाकोळ्यांना आणि चिमण्यांना." इथे मिळणारी खास पक्ष्यांसाठीची पोकळ वीट तिने नातवाच्या पुस्तकात पाहिली होती. त्या चित्राचा फोटोही तिने भावाला पाठवला.

"आई, बिल्डर हसेल," भाऊ म्हणाला.

"हसू दे. हसून झालं की लिहून घे."

जुलैत ती परत गेली. सही केलेले कागद घेऊन.

सप्टेंबरमध्ये चिमणी साफ करणारा आला. त्याने धुराड्यातून तीन पोती काटक्या काढल्या. त्यात मेंढीची लोकर, निळी सुतळी, गाईचे केस, आणि आमच्या दारातल्या पायपुसण्याचे धागे. मग वर जाळीची टोपी बसवली. ती बसवण्याचे दिवस सप्टेंबर ते फेब्रुवारी, हे जुनं घर घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. आधी उशीर केलात तर आमच्यासारखं सहा महिने गारठाल. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आजच दाबून बघा.

वाईचं घर हे लिहीपर्यंत उभं आहे. पावसामुळे काम लांबलं. बिल्डरने भोकांना हो म्हटलंय, तोंडी. लेखी मिळेपर्यंत आई त्याला रोज फोन करते असं भाऊ सांगतो. मिळेल की नाही, मिळालं तरी तिथे चिमण्या येतील की नाही, मला सांगता येत नाही. तसबिरी मात्र तिने उतरवून पुण्याला पाठवल्या आहेत. नव्या फ्लॅटमध्ये त्या झुकत्या लावायच्या, टेकवून नाही, अशी ताकीद आहे.

या दिवाळीला आम्ही नवा कंदील केला. जुना शेडमध्ये खिळ्यालाच आहे, आतल्या शेवाळाच्या चेंडूसकट. कडाक्याच्या थंडीत रेन जुन्या घरट्यात एकमेकांना चिकटून रात्र काढतात, असं वाचल्यापासून धाकटा त्याला हात लावू देत नाही. खिडकीची काचही आम्ही बसवलेली नाही.

काल आईला फोन केला. जाळी बसवल्याचं सांगितलं. धाकट्याला वाटलं होतं, आजी शाबासकी देईल.

"बरं केलंत," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण मग मार्चमध्ये काऊ येईल तेव्हा कुठे जाईल रे?"

तर नवऱ्याने गेल्या शनिवारी मागच्या भिंतीवर, उंच, एक लाकडी खोका ठोकला आहे. भोक मोठं ठेवलंय, जॅकडॉच्या मापाचं. गवतही अजून कापलेलं नाही, पण त्याला आता काही कारण उरलेलं नाही.